टाकीपर्यंत आणि परत

घराच्या ओट्यापासून पाण्याच्या टाकीपर्यंत ममाची तीनशे दहा पावलं होत. माझी दोनशे साठ. मी मोजली आहेत, कारण त्या चार महिन्यांत दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. ती पुढे, मी अर्धं पाऊल मागे, आणि मध्ये तिचा वॉकर. पायाखाली घट्ट झालेली वाळू आणि दोन्ही बाजूंना काकडीची पॉलिहाउसं. रोज सकाळी साडेसातला एकदा, संध्याकाळी ऊन उतरल्यावर एकदा.

इथल्या घरांत कामाला असलेली माणसं म्हाताऱ्या मालकिणीला ममा म्हणतात, म्हणून मीही म्हणायचे. ही ममा मूळची जर्मन. तिकडच्या उत्तरेकडच्या एका खेड्यात बापाच्या गाई होत्या आणि बटाट्याची शेती होती. शेतकी शिकायला आलेल्या एका कुवेती मुलाशी तिनं लग्न केलं, धर्म बदलला आणि इकडे आली, त्याला पंचेचाळीसच्या वर वर्षं झाली. सासरची शेती वफ्रात, कुवेतच्या दक्षिणेच्या टोकाला. मला नोकरी सांगणाऱ्या एजंटानं 'फार्महाउस' म्हटलं होतं, म्हणून मी हिरवळ वगैरे मनात धरून गेले. वाळू होती. वाळूत प्लॅस्टिकची लांबलचक पॉलिहाउसं, कडेनं वारा अडवायला लावलेली धुळकट झाडं आणि मध्ये एक बसकं घर. शेतकी नवरा शिकला आणि शेती बायकोनं केली. नवऱ्याला शहरातल्या बैठका आणि दोस्त आवडायचे. तो वाईट नव्हता, असं ममा म्हणायची. नुसता बसून असायचा.

मी त्या घरात गेले ती ममाच्या खुब्याचं हाड मोडलं म्हणून. पॉलिहाउसच्या दारात ओल्या पाइपवरून घसरली होती. वय त्र्याहत्तर. ऑपरेशन झालं, आठवड्यानं घरी आणलं, आणि दिवसरात्रीची नर्स हवी म्हणून तिच्या मोठ्या मुलानं मला ठेवलं. माझा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, त्याच्याच नावावर झाला. मी लातूरकडची. बावीस वर्षं नर्सिंग केलंय, त्यातली तेरा कुवेतमध्ये. नवरा एसी दुरुस्त करतो, जलीबला पाच जणांच्या खोलीत राहतो. शुक्रवारी मला सुट्टी, तेव्हा आमची भेट. लेक गावाकडे आजीजवळ शिकते. एवढा माझा संसार. त्यात रडण्यासारखं काही नाही आणि मी रडतही नाही.

ममा खडूस होती. माझ्याशी इंग्रजी बोलायची, त्यात शेतावरच्या माणसांकडून उचललेलं हिंदी घालायची, तेही फक्त हुकमाचं: पानी बंद, जल्दी, खराब है फेंको. चहा कोमट झाला की कप सरळ खिडकीबाहेर रिकामा करायची. पण तिला पाणी कळायचं. वफ्राचं पाणी खारट. त्यातही प्रत्येक विहिरीचं वेगळं, आणि महिन्यागणिक बदलणारं. खारटपणा मोजायचं मीटर होतं, पण ती टाकीच्या नळाखाली बोट धरून थेंब जिभेवर घ्यायची आणि सांगायची, हे आज टोमॅटोला सोडा, काकडीला नको, काकडी मरेल. टोमॅटो सोसतो म्हणे. मीटरनं तिला खोटं ठरवल्याचं मी एकदाही पाहिलं नाही. शेतावरचा मुकादम कुडाळकडचा, अठरा वर्षं तिच्या हाताखाली होता. तो म्हणायचा, "म्हातारीची जीभ म्हणजे लॅबोरेटरी आसा, सिस्टर. शिवी पण तेच जिभेन देता."

मला जाऊन दोन महिने झाले असतील, तेव्हा तिचा नवरा वारला. शहरात, दोस्तांच्या बैठकीतच, बसल्या जागी. त्याला त्याच दिवशी पुरलं. ममा रडली नाही. तिनं काळे कपडे मागितले, आणि ते अंगावर चढवताना मला पहिल्यांदा 'थँक यू' म्हणाली.

मग इद्दत सुरू झाली. विधवेनं चार महिने दहा दिवस घर सोडायचं नाही, नटायचं नाही, अत्तर लावायचं नाही. आणि राहायचं ते नवरा गेला तेव्हा ती ज्या घरात राहत होती त्याच घरात. ममा शेतावर राहत होती, म्हणून इद्दत शेतावर. कुंपणाच्या आतली सगळी जागा घरच धरायची, असा निवाडा तिच्या थोरल्या नणंदेनं दिला. ती नणंद नव्वदीला टेकलेली, तिच्यापुढे कोण बोलणार? ममाला तर हेच हवं होतं. कारण मुलं वर्षभर तिच्या मागे लागली होती की शेती पुरे, आता शहरात चल, बनेद अल-गारला समुद्रासमोर फ्लॅट घेऊन ठेवलाय. आता चार महिने दहा दिवस तिला तिथून कोणी हलवू शकत नव्हतं.

दुखवट्याच्या तिसऱ्या दिवशी मोठा मुलगा बायकांच्या खोलीत आईजवळ येऊन बसला. तेल कंपनीत इंजिनिअर, बोलायला मऊ, आईच्या कपाळाचं चुंबन घेतल्याशिवाय बाहेर पडायचा नाही. ममा सगळ्यांसमोर त्याला म्हणाली, "इद्दत संपली तरी मी इथून हलणार नाही." तो म्हणाला, "तुला चालता येत नाही, ममा." ती म्हणाली, "येईल." मग तो हसला आणि म्हणाला, "बरं. इद्दत संपेल त्या दिवशी तू एकटी, वॉकरशिवाय, काठीशिवाय, कोणाचा हात न धरता टाकीपर्यंत गेलीस आणि परत आलीस, तर राहा इथे. माझा शब्द." डोळ्यांना टिश्यू लावून बसलेल्या बायकासुद्धा हसल्या. मीही हसले. मला अरबी तेवढं समजतं.

ममा हसली नाही. सगळे गेल्यावर तिनं मला स्वयंपाकघरातल्या फ्रिजवरचं कॅलेंडर आणायला लावलं. नवरा गेला त्या तारखेपासून चार महिने पुढे, मग दहा दिवस मोजून तिनं लाल पेनानं गोल केला. मीही तिच्यासोबत बोटांवर मोजलं आणि बरोबर आहे म्हणून मान डोलावली.

तेव्हापासून आमचं चालणं सुरू झालं. पहिला आठवडा ओट्याच्या पायऱ्याच. मग नळापर्यंत. मग पहिल्या पॉलिहाउसच्या दारापर्यंत, जिथे ती पडली होती. तिथे पोचली तेव्हा पाइपला तिनं जर्मनमध्ये काहीतरी सुनावलं, बराच वेळ. दम लागला की मी तिच्यामागे खुर्ची सरकवायचे आणि ती बसल्या बसल्या जुनं काहीबाही सांगायची. लग्न होऊन आली त्या पहिल्या उन्हाळ्यात तिला वाटलं होतं की काहीतरी बिघडलंय, इतकं गरम असूच शकत नाही. सासूनं तिच्या हातचं पहिलं वर्षभर खाल्लं नाही. मग एकदा ममानं लावलेली काकडी खाल्ली आणि दुसरी मागितली. इराकनं कुवेत घेतलं त्या युद्धानंतर सगळे परत आले तेव्हा प्लॅस्टिकवर तेलाची काजळी बसली होती. तिनं आणि दोन माणसांनी साबणानं एकेक पत्रा, एकेक कागद धुऊन काढला होता. तिकडच्या गाई भावानं विकल्या. ती पुन्हा गेली नाही. हे सगळं ती बाजारभाव सांगावा तशी सांगायची. मी ऐकायचे. मला काही विशेष वाटायचं नाही, पण दुसऱ्या दिवशी ती काय सांगते याची मी वाट पाहायचे, हे खरं.

दुसऱ्या महिन्यात एका सकाळी ममा आंघोळीला असताना मुकादम मागच्या दाराशी आला. म्हणाला, "सिस्टर, काल तीन माणसा इल्ली. टेप घेऊन सगळा मोजून गेली. हंय म्हणे पोहूचो तलाव करतले. शुक्रवार-शनिवार लोकांका भाड्यान देतले."

मी विचारलं, "ममाला माहिताय का?"

"खंय! माका तरी कोण सांगता? टेप धरूक माकाच लावल्यानी, म्हणान कळला."

त्या शनिवारी सून आली, मोठ्या मुलाची बायको, जेवणाचे डबे घेऊन. मी तिला स्वयंपाकघरात सरळ विचारलं. माझा स्वभावच तसा आहे, पोटात राहत नाही. तीही सरळ बोलली. जागा एका कंपनीला दिली आहे, कागदांवर सह्या होऊन गेल्या आहेत, दोन पॉलिहाउसं शोभेला ठेवणार, बाकी काढणार. "ममाला सांगू नकोस," ती म्हणाली. "इद्दत तरी शांतपणे जाऊ दे तिची. आणि या निमित्तानं ती चालतेय, ते बघ की. डॉक्टर म्हणत होते ती अंथरूण धरेल." तिच्या आवाजात लबाडी नव्हती. मला तिचा राग यावा असं तिनं काहीच केलं नाही, आणि म्हणूनच आला.

शुक्रवारी नवऱ्याला सांगितलं. तो वडापाव खात होता. म्हणाला, "आपल्याला काय करायचंय? तू गप ऱ्हा. इकामा त्येच्या हातात हाय. तुला चालवायला ठेवलंय, तू चालव." मी गप्प राहिले. नवऱ्यानं सांगितलं म्हणून राहिले असं नाही. मला तेच ऐकायचं होतं, म्हणून त्याला विचारलं होतं.

आणि मी ममाला चालवत राहिले. रमजान आला. शेतावरची मुसलमान माणसं दुपारी सावलीत पडून राहू लागली. औषधांमुळे ममाला रोजे नव्हते, पण ती त्यांच्यासमोर पाणी प्यायची नाही. रमजानमध्ये वॉकर सुटला आणि काठी आली. ईदला ती काठीनं टाकीपर्यंत गेली. परतताना मध्ये एकदा बसावं लागलं. टाकीच्या नळाखाली बोट धरून तिनं थेंब जिभेवर घेतला, थुंकली, आणि मुकादमाला हाक मारून पंधरा मिनिटं झापलं. तो माझ्याकडे बघत होता. दोन महिन्यांत जी झाडं उपटली जाणार होती त्यांच्या पाण्यासाठी तो मान खाली घालून बोलणी खात होता. मी दुसरीकडे पाहिलं.

ईदनंतर एके संध्याकाळी मी तिच्या पायाला तेल लावत होते. ती म्हणाली, "तू स्वयंपाकघरात असतेस. ते काय बोलतात ते तुझ्या कानावर येतं. माझा मुलगा शब्द पाळेल का?"

विचार करायला वेळच लागला नाही. "हो ममा," मी म्हटलं, "पाळतील."

"खरं सांगतेस?"

"खरं."

तिनं पाय सैल सोडला. त्या रात्री तिला छान झोप लागली. मलाही लागली. आता आठवलं की याचीच लाज वाटते, की मलाही लागली.

लाल गोलाला चार दिवस उरले होते. आमचं ठरलं होतं. आज काठी हातात धरायची पण टेकवायची नाही. उद्या अर्ध्या वाटेपर्यंत काठीशिवाय. परवा पूर्ण विश्रांती. मग एक दिवस सराव आणि मग तो दिवस. मी वहीत लिहून काढलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघणार तोच फाटकातून दोन गाड्या आत आल्या. पहिलीत मोठा मुलगा आणि सून. दुसरीत रिकाम्या बॅगा.

"ममा, मुबारक. काल संध्याकाळी मगरिबच्या नमाजाला इद्दत संपली," मुलगा कपाळाचं चुंबन घेत म्हणाला.

ममा म्हणाली, "तीन दिवस आहेत अजून." आणि माझ्याकडे पाहिलं. मी धावत जाऊन फ्रिजवरचं कॅलेंडर आणलं. मुलानं ते हातात घेतलं, लाल गोल पाहिला आणि हळूच हसला. मोठ्या आकड्यांच्या खाली बारीक अक्षरात अरबी तारखा होत्या. त्यानं त्यांच्यावर बोट ठेवलं. इद्दत चांद्र महिन्यांनी मोजतात. चांद्र महिना कधी एकोणतीस दिवसांचा, कधी तीसचा. चार महिन्यांत तीन दिवस गळाले होते.

ममा जर्मन, तिनं छापील आकड्यांनी मोजलं, एक वेळ समजू शकते. पण मी? आमच्या घरी वडिलांचं श्राद्ध तिथीनं होतं. दरवर्षी मी इथून मोबाइलवर तिथी शोधते आणि दरवर्षी ती वेगळ्या तारखेला येते. मधे अख्खा रमजान चंद्र बघून सुरू झाला आणि चंद्र बघून संपला, तोही माझ्या डोळ्यांसमोर. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. दोघीही तितक्याच शहाण्या.

ममानं कॅलेंडरकडे पाहिलं. मग काठी भिंतीला टेकवून ठेवली आणि म्हणाली, "ठीक आहे. आज तर आज."

"ममा, राहू दे," मुलगा म्हणाला.

ती पायऱ्या उतरली. मी अर्धं पाऊल मागे निघाले, तर तिनं मागे न बघता सांगितलं, "तू थांब." मी थांबले. ओट्यावरून आम्ही तिघं बघत राहिलो. तिचा डावा पाय थोडा बाहेर पडायचा, तसाच पडत होता. पहिलं पॉलिहाउस, दुसरं, तिसरं. मी तोंडातल्या तोंडात पावलं मोजत होते. दोनशेच्या पुढे ती थांबली, इतका वेळ की मुलगा खाली उतरला. पण ती पुन्हा निघाली. टाकीला हात न लावता वळली. येताना तिचा चेहरा दिसत होता. लाल झाला होता, ओठ आवळलेले. पाठीमागून मुकादम आणि त्याची माणसं पॉलिहाउसच्या दारात येऊन उभी राहिली होती. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पायऱ्या चढताना तिनं कठड्याला हात लावला नाही.

मुलगा रडत होता. खरंच रडत होता. त्यानं तिला मिठीत घेतलं आणि म्हणाला, "माशाल्ला, ममा. आता फ्लॅटमध्ये तुला काहीच अडचण येणार नाही."

"तू शब्द दिला होतास," ती म्हणाली.

"ममा, बाबांना पुरून तीन दिवस झाले होते. तेव्हा मी तुला काहीही म्हटलं असतं."

मग त्यानं सगळं सांगितलं, कंपनी, सह्या, तलाव. खालच्या आवाजात, हात जोडल्यासारखे धरून. ममा ऐकत होती, पण त्याच्याकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"दुसऱ्या महिन्यापासून."

तिनं मान हलवली. मला वाटलं शिवी देईल. मी तयार होते, हवीच होती म्हणा ना. ती वळली आणि स्वतःच्या पायांनी चालत गाडीत जाऊन बसली. मी बॅगा भरल्या.

बनेद अल-गारचा फ्लॅट सातव्या मजल्यावर आहे. समुद्र दिसतो. ममा समुद्राकडे पाठ करून बसते. तिथे गेल्यापासून ती चाललेली नाही. पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर, तेही मी उचलून ठेवते, आणि ती मला उचलू देते. डॉक्टरांनी दोनदा तपासलं. हाड उत्तम जुळलंय, स्नायूंत ताकद आहे. मी रोज सकाळी म्हणते, चला ममा, गॅलरीपर्यंत. ती अगदी शांतपणे विचारते, "कशाला?" तिनं एकदा जरी ओरडावं असं वाटतं. कोमट चहासुद्धा ती आता पिऊन टाकते. माझा इकामा आणखी दोन वर्षांसाठी वाढवून मिळाला.

गेल्या महिन्यात मोठ्या मुलानं मला बाहेरच्या खोलीत बोलावलं. तो वाळला होता. म्हणाला, "सिस्टर, तिथं तू तिला चालवलंस. इथे का नाही?" मी म्हटलं, वेळ लागेल. तो म्हणाला, "तिला सांग, ती लिफ्टपर्यंत चालत आली तर शुक्रवारी मी तिला वफ्राला नेतो. दोन पॉलिहाउसं अजून आहेत. मुकादमही आहे. मी कंपनीशी बोललोय, दिवसभर फाटक आपल्यासाठी उघडं ठेवतील. तू सांग, तुझं ती ऐकते."

हे नक्की ना, असं मी त्याला पुन्हा पुन्हा विचारलं. त्यानं कंपनीच्या माणसाशी झालेलं बोलणं मोबाइलवर दाखवलं. मुकादमाला मी स्वतः फोन केला. तो म्हणाला, "होय गे, आजच झाडून ठेवलंय सगळा."

मग मी ममाजवळ गेले, खाली बसले आणि सांगितलं. लिफ्टपर्यंत वीस पावलं. शुक्रवारी सकाळी वफ्रा. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"हे तू सांगतेस?" तिनं विचारलं.

"हो ममा. खरं सांगतेय."

ती हसली. मला तिनं असं हसून कधी दाखवलं नव्हतं. मग तिनं मान फिरवली.

त्या शुक्रवारी मी सुट्टी घेतली नाही. सकाळी गाडी खाली येऊन उभी राहिली. मी ममाला बूट घातले होते, पण ती खुर्चीतून उठली नाही. तासाभरानं मुलानं फोन करून विचारलं, मी नाही म्हटलं, आणि गाडी गेली.